मशीनचं तेलपाणी: वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

नवरात्र जवळ आलं की घरोघरच्या मशिनी कव्हराखालून बाहेर निघतात, घागरे, ब्लाउज, पडदे सगळं एकदमच शिवायचं असतं आणि नेमकी तेव्हाच मशीन खडखड करते नाहीतर फिरतच नाही. म्हणून या अंकात गळे-बाह्यांचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त मशीनच्या तेलपाण्याची पत्रं घेतलीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं कापलीत, राग मानू नका. आणि एक आधीच सांगून ठेवते, बहुतेक पत्रांचा शेवट "मेकॅनिकला बोलवू का?" असा आहे आणि माझं उत्तर बहुतेक ठिकाणी "आधी स्वतः साफ करून बघा" असंच आहे, मेकॅनिक मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न: ताई नमस्कार, माझ्याकडे सासूबाईंची काळी पायमशीन आहे. पावसाळ्यात बंद होती, आता चाक फिरतच नाही, जोर लावला तर थोडं हलतं आणि अडकतं. शेजारच्या काकू म्हणतात खोबरेल सोड, मिस्टर म्हणतात रॉकेल घाल, दुकानदार म्हणतो नवीन घ्या. कुणाचं ऐकू? (चिपळूणहून एक वाचक)

उत्तर: दुकानदाराचं तर मुळीच ऐकू नका. त्या काळ्या मशिनी बीडाच्या आणि पोलादाच्या असतात, जाम झाली म्हणजे संपली असं नाही.

आता खोबरेल. अहो ताई, ते केसांना लावा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, थंडीच्या पहाटे बाटलीत घट्ट झालेलं तुम्ही बघताच, तसंच ते मशीनच्या सांध्यात होतं. गोडंतेल, तिळाचं तेल ही तर अजून वाईट, ती हवा लागून हळूहळू चिकट होत जातात, कढईच्या बाहेरच्या अंगाला तो पिवळट चिवट थर बसतो ना, घासून घासून हात दुखले तरी न निघणारा, तोच थर मशीनच्या आत बसतो. मला तर वाटतं तुमच्याकडे पूर्वी कधीतरी असंच स्वयंपाकघरातलं तेल पडलेलं आहे, कारण मशीनच्या तेलावर एका पावसाळ्यात मशीन अशी जाम होत नाही. शिलाई मशीनचं तेल म्हणून नळीवाली छोटी बाटली मिळते त्यात पाण्यासारखं पातळ, पारदर्शक खनिज तेल असतं, त्याला वास जवळजवळ नसतो. तेच आणा. पिवळं, उग्र वासाचं, बोटाला चिकट लागणारं असेल तर परत करा.

पण त्याआधी एक बघा. चाक थोडं हलतं आणि ठराविक ठिकाणीच अडकतं असं असेल तर बऱ्याचदा दोष तेलाचा नसतोच, शटलमध्ये, म्हणजे सुईच्या खाली बॉबीनभोवती फिरणाऱ्या भागात, दोरा गुंडाळलेला असतो. डावीकडची सरकपट्टी उघडा, बॉबीन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) काढा, आणि टॉर्च मारून आत बघा. तुटक्या दोऱ्याचं टोक दिसलं तर चिमट्याने ओढून काढा, ओढताना चाक हळूहळू पुढेमागे डुलवा. निम्म्या मशिनी इथेच सुटतात म्हटलं तरी चालेल.

दोरा नसेल तर मग धुलाई. इथे मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे, रॉकेल हे तेल म्हणून नाही पण जुनं किटण सोडवायला चालतं. आता रॉकेल सहज मिळत नाही, नसेल मिळत तर मशीनचंच तेल वापरा, वेळ जास्त लागतो इतकंच. मशीन बिजागरीवर मागे कलती करा, खाली जुने पेपर पसरा, आणि जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे तिथे एकेक थेंब. वरच्या अंगावर बारीक छिद्रं दिसतील ती सगळी तेलाची. डाव्या टोकाचं झाकण एका स्क्रूवर असतं ते काढलं की सुईचा दांडा आणि फूटचा (कापड दाबून धरतो त्याचा) दांडा उघडे पडतात, तिथेही. मागच्या बाजूला गोल झाकण असतं ते सरकवा, आत सांधा दिसतो, हा सगळ्यात दुर्लक्षित. मग रात्रभर तशीच सोडून द्या. सकाळी चाक हाताने डुलवत राहा, पट्टा काढून ठेवा म्हणजे पायडलचा भार नको. फिरायला लागली की सांध्यांमधून काळपट तपकिरी पाणी येईल, ते जुन्या सुती फडक्याने पुसायचं, पुन्हा थेंब, पुन्हा फिरवणं, पुन्हा पुसणं, फडकं स्वच्छ यायला लागेपर्यंत. रॉकेल वापरलं असेल तर ते पूर्ण उडून जाऊ द्या आणि मग मशीनचं तेल घालाच, कारण रॉकेलने होतं नव्हतं तेलही धुऊन निघालेलं असतं, तशी कोरडी चालवली तर झिजेल. आणि हे सगळं गॅसपासून, देवघरातल्या समईपासून लांब, शक्यतो गॅलरीत. मशीनला मोटर बसवलेली असेल तर रॉकेलचं नावच काढू नका.

पक्कड लावून चाक फिरवायचं नाही, हातोडी मारायची नाही. अगदीच हट्टी असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा सांध्यावर थोडा वेळ मारा, वाळलेलं तेल मऊ होतं. आणि त्या सोनेरी वेलबुट्ट्या जपा. जुन्या मशीनवरचं पॉलिश थिनरने, स्पिरिटने, हल्ली घरोघरी असलेल्या सॅनिटायझरने सुद्धा विरघळतं, नक्षी फडक्यावर येते. बाहेरून पुसायला मशीनचंच तेल दोन थेंब कापसावर घ्या, बास.

प्रश्न: मी घरी टॉवेलचे बाळांचे बाथरोब आणि नॅपकिन शिवते. हल्ली टाके कमी जास्त लांबीचे पडतात, कापड पुढे सरकत नाही, खालून दोऱ्याचा गुंता होतो. टेन्शन (दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू) फिरवून फिरवून कंटाळले. तेल रोज घालते तरी असं का? (सोलापूरहून)

उत्तर: तेल रोज घालता आणि सफाई? त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, तिथेच गोम आहे.

टॉवेलचं कापड हे मशीनसाठी सगळ्यात केर करणारं, सुई खाली गेली की प्रत्येक वेळी थोडी लव तुटते आणि ती थेट सुईखालच्या प्लेटच्या खाली पडते. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या दोन ओळींमधल्या खाचेत ती साठत जाते, वरून दाबली जाते, वर तुमचं रोजचं तेल, झालं, नमद्यासारखी घट्ट करडी पट्टी तयार होते. मी क्लासमध्ये मुलींना ही पट्टी सुईच्या टोकाने अख्खी उचलून दाखवते, दात्यांच्या खाचेचा साचाच असतो तो. ही पट्टी खाचेत बसली की दाते प्लेटच्या वर पूर्ण येत नाहीत, कापडाला पकड मिळत नाही, मग टाका कधी लांब कधी आखूड. शिवाय ती तेल पिऊन टाकते, म्हणजे तुम्ही घातलेलं तेल सांध्यात गेलंच नाही.

तर असं करा. सुई काढा, फूट काढा, प्लेटचे स्क्रू सोडा. स्क्रू लगेच वाटीत टाका, ते मशीनच्या पोटात पडले की शोधण्यात दिवस जातो. ब्रशने दात्यांच्या मधला केर काढा, घट्ट बसलेला असेल तर जुन्या सुईने उकरा. ब्रश मऊ पण दाट केसांचा हवा, मुलांच्या रंगपेटीतला सुद्धा चालतो. तोंडाने फुंकर मारू नका, सगळ्यांना ती सवय असते, पण फुंकरीबरोबर तोंडातला ओलावा जातो आणि केर बाहेर यायच्या ऐवजी अजून आत बसतो. हवेच्या स्प्रेचंही तेच, आत ढकलतो.

मग शटल. सुई एकदम वर आणून ठेवा. काही मशीनला दोन छोट्या खिट्ट्या असतात त्या बाजूला केल्या की पुढची कडी सुटते, काहींना स्क्रू असतात. कडी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, शटल अर्ध्या चंद्राच्या आकाराचं असतं आणि परत बसवताना कुठला चंद्र कुठल्या बाजूला याचा हमखास गोंधळ होतो. शटल हातात घेऊन त्याची कड बोटाने चाचपा, खरखरीत लागली किंवा ओरखडा दिसला तर दोरा तुटण्याचं कारण तेच. शटल ज्या गोल वाटेत फिरतं ती वाट फडक्याने पुसून काढा, आणि आता, स्वच्छ झाल्यावर, त्या वाटेत एक थेंब तेल. एकच. दुसरा थेंब तुमच्या नॅपकिनवरच येणार आहे.

बॉबीन केसचा पातळ पत्रा असतो ना ज्याच्या खालून दोरा येतो, त्याच्या खाली जाड कागदाचा कोपरा सरकवून ओढा, अडकलेली लव बाहेर येईल. तेवढ्यानेच खालचं टेन्शन सुधारतं, स्क्रूला हात लावावा लागत नाही.

गुंत्याबद्दल. खालून गुंता दिसला की सगळ्याजणी खालच्या बॉबीनवर राग काढतात, पण कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याची वेटोळी पडत असतील तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, तो टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नसतो. फूट वर असताना त्या चकत्या उघडतात म्हणून दोरा नेहमी फूट वर करूनच ओवायचा. चकत्यांमध्येही लव अडकते, तिथे एक सुती कापडाची चिंधी दोऱ्यासारखी घालून वरखाली ओढा. तिथे तेल नको, अजिबात नको, दोरा घसरतो आणि तेलकटही होतो.

टॉवेल शिवणाऱ्यांनी प्लेटखालची ही सफाई दर दोन-तीन बॉबीन संपल्या की करावी. साधं सुती शिवत असाल तर एक काम संपलं की एकदा पुरे.

प्रश्न: माझी पांढरी इलेक्ट्रिक मशीन आहे, वरून बॉबीन टाकायची. पुस्तिकेत तेल घालू नका असं लिहिलंय, पण घरी येणारे दुरुस्तीवाले काका प्रत्येक वेळी खूप तेल घालून जातात आणि मग दोन दिवस सगळं तेलकट. खरं काय? (कोथरूड, पुणे)

उत्तर: पुस्तिका खरी. या मशिनींमध्ये बऱ्याच ठिकाणी अशा धातूच्या बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) असतात ज्या कारखान्यातच तेलात मुरवलेल्या असतात, त्यांना बारीक बारीक छिद्रं असतात आणि फिरताना त्यांच्यातूनच तेल झिरपतं. गिअर प्लास्टिकचे, त्यांना तेल नाही ग्रीस लागतं. वरून टाकायच्या बॉबीनची केस बहुतेक प्लास्टिकची असते तिलाही तेल नको, ती फक्त उचलायची, खालचा केर ब्रशने काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायची आणि कडेवर सुईने टोचल्याच्या खुणा आहेत का बघायच्या. खुणा असतील तर नवीन केस घ्या, दोरा तिथेच अडकतो. काही मॉडेलमध्ये या केसखाली मधोमध एक छोटी वात असते, पुस्तिकेत त्या वातीला थेंब घाला असं लिहिलं असेल तर घालायचा. समोरून बॉबीन घालायच्या पोर्टेबल मशिनींना मात्र शटलच्या वाटेत एक थेंब चालतो, बहुतेकांच्या पुस्तिकेत तसं चित्रही असतं.

पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर शोधा, बहुतेकांची मिळते.

काकांना चहा द्या आणि नम्रपणे सांगा की काका यावेळी तेल मी बघते. मोटरमध्ये कुणालाही तेल घालू देऊ नका, मोटरच्या आत कार्बन ब्रश असतात, त्यांच्यावर तेल गेलं की ठिणग्या, जळका वास आणि मोटर गेली. आणि सफाईला बसताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद नको, पायाखाली कंट्रोलर असतो आणि पाय कधी पडेल सांगता येत नाही, बोटं सुईखाली असतात.

प्रश्न: गंजलेले स्क्रू सुटायला स्प्रे मिळतो, डब्ल्यूडी-फोर्टी वगैरे, तो तेलाऐवजी मारला तर? लांबूनच सगळीकडे जातो. (नाशिक)

उत्तर: गंजलेल्या स्क्रूवर मारा, त्यासाठी तो छान. तेलाऐवजी नाही. त्यातला बराचसा भाग उडून जातो, जाताना आधीचं तेलही धुवून नेतो, आज मशीन हलकी वाटेल आणि थोड्या दिवसांनी पुन्हा खडखड. आणि "सगळीकडे जातो" हाच तर त्रास आहे, पट्ट्यावर, चकत्यांवर, मोटरवर पण जातो.

प्रश्न: ताई, तेल घातल्यावर लगेच पैठणीचा ब्लाउज शिवायला घेतला आणि पाठीवर तेलाचा डाग! गिऱ्हाइकाचा आहे, जीव टांगणीला लागलाय. (बारामती)

उत्तर: पाणी लावू नका, चोळू नका, इस्त्री तर अजिबात नको, उष्णतेने डाग पक्का बसतो. डागाच्या खाली टिश्यू किंवा जुना सुती रुमाल ठेवा, वरून टाल्कम पावडर भरपूर टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ ब्रशने झटका. फिका झाला पण गेला नाही तर पुन्हा पावडर. तरीही राहिला तर रेशमावर घरचे प्रयोग थांबवा, ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग मशीनच्या तेलाचा आहे हे त्याला सांगा. गिऱ्हाइकालाही सांगून टाका, लपवलं आणि नंतर दिसलं तर ते वाईट. सुती कापड असतं तर भांडी घासायचं लिक्विड थेंबभर लावून हलक्या हाताने चोळून धुतलं की जातं. डाग काळपट असेल तर त्यात लोखंडाची झीज मिसळलेली असते, तो चिवट.

पुढच्या वेळी तेल घातलं की आधी दोरा काढून, फूट वर उचलून मशीन थोडा वेळ रिकामी पळवा. फूट खाली ठेवून रिकामी पळवू नका, दाते फुटला घासतात. मग सुईचा दांडा आणि प्लेट पुसा, आणि मग चिंधीवर टीप मारत राहा, चिंधी कोरडी यायला लागली की गिऱ्हाइकाचं कापड हातात घ्या. शक्यतो तेल रात्री काम संपल्यावर घालावं, सुईखाली एक चिंधी घडी करून फूट खाली सोडून ठेवायचा, रात्रभरात जे ओघळायचं ते चिंधीवर ओघळतं.

प्रश्न: खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. सासूबाई मशीनवर हळदकुंकू, अक्षता, फुलं सगळं वाहतात. दरवर्षी दसऱ्यानंतर मशीन जड चालते असं मला वाटतं, त्यांना सांगायची हिंमत होत नाही. काहीतरी मधला मार्ग सुचवा. (कराड)

उत्तर: वाटतं ते खरं आहे. हळद-कुंकवाची पूड बारीक असते, तेलाच्या ओल्या छिद्रावर पडली की तिथेच चिकटते आणि आत घासकाम करते. अक्षता त्याहून गमतीशीर, माझ्याकडे येणाऱ्या मशिनींच्या प्लेटखाली दसऱ्यानंतर तांदळाचे दाणे निघतातच, कुंकवाचे, लालभडक, दात्यांच्या मधोमध बसलेले. आणि ओल्या बोटाने प्लेटवर हळदीकुंकवाचे टिळे लावले की तिथे गंजाचा ठिपका उमटतो.

पण पूजा बंद करा असं मी म्हणणार नाही. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी सुद्धा १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून सूट दिली होती, आपण तिला वर्षातून एकदा फूल वाहिलं तर काय बिघडलं. मधला मार्ग हा: आदल्या दिवशी तुम्हीच मशीन लखलखीत साफ करा, तेल मात्र घालू नका. पूजेच्या वेळी प्लेटवर आणि मशीनच्या खालच्या सपाट भागावर विड्याची पानं मांडा, हळदकुंकू, अक्षता, सुपारी सगळं पानावर. वरच्या छिद्रांवर झेंडूची माळ येऊ देऊ नका, माळ टेबलाला नाहीतर स्टँडला बांधा, ते दिसतंही छान. टिळा लावायचाच तर चाकाच्या मधल्या भागाला नाही, मशीनच्या अंगावर सपाट जागी, कोरडा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रश, फडकं, आणि मग तेल. सासूबाईंना म्हणा "पान ठेवलं की जास्त शोभतं", कारण सांगायची गरज नाही.

प्रश्न: आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं काम असतं, सीझनला मशीन दिवसभर चालते. वहिनी म्हणते आठवड्यातून एकदा तेल पुरे, मी म्हणतो रोज. (नांदेडहून एक दादा)

उत्तर: दादा, तुमचं बरोबर. काळी मशीन दिवसभर चालत असेल तर रोज, काम सुरू करण्यापूर्वी शटलच्या वाटेत आणि सुईच्या दांड्यावर, बाकीची छिद्रं एकदोन दिवसाआड. वहिनी थोडंफार घरचं शिवत असतील तर त्यांच्यापुरतं त्यांचंही बरोबर. साधारण आठेक तास शिवण झाली की सफाई आणि तेल असं धरून चाला. सुईलाही तेवढंच आयुष्य धरतात, पण आपल्याकडे सुई मोडल्याशिवाय बदलायची नाही असा जणू नियमच आहे! बोथट सुईचा आवाज ऐका, कापडात शिरताना टकटक येतो. युनिफॉर्मच्या जाड टेरिकॉटला १६ नंबर घ्या, साध्या सुतीला १४, पातळ कापडाला ११. सुई बसवताना तिच्या अंगावरची लांब खोबण ज्या बाजूला येते त्याच बाजूने दोरा ओवायचा असतो, चपटी बाजू कुठे हे मशीनप्रमाणे बदलतं पण खोबणीचं हे बदलत नाही. टीप सुटायला लागली तर आधी सुई बदला, मग बाकीचं.

तुमची जुकी कंपनीसारखी मोठी, कारखान्यातली मशीन असेल तर गोष्ट वेगळी, तिच्या खाली तेलाची टाकीच असते, हाय आणि लो अशा दोन खुणांच्या मध्ये तेल ठेवायचं, आणि ते काळपट झालं की पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरत राहायचं नाही.

प्रश्न: मुलीने अमेरिकेहून मशीन आणलीय, लावू का तशीच? (ठाणे)

उत्तर: थांबा! मागचं लेबल वाचा. १२० व्होल्ट एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावताच मोटर जळेल, मशीनच्या वॉटपेक्षा जास्त वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर लागेल. तेलाचं तिच्या पुस्तिकेत बघा, कोथरूडच्या ताईंना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न: पायडल कुरकुर करतं म्हणून भरपूर तेल घातलं, आता पट्टा घसरतो, चाक फिरतं पण मशीनला जोर नाही. (धुळे)

उत्तर: पट्ट्यावर तेल गेलंय. चामड्याचा पट्टा खडबडीत पकडीवर चालतो, तेल प्यायला की गुळगुळीत. काढून कोरड्या फडक्याने पुसा, दोन्ही चाकांच्या खाचा पण पुसा, पट्ट्याला खडूची पूड चोळून ठेवा म्हणजे तेल ओढून घेईल. तरीही घसरत असेल तर तो सैल झालाय, लोखंडी आकडा सोडवून पट्टा थोडासा कापा आणि नवीन भोक पाडून पुन्हा जोडा. थोडासाच हं, फार घट्ट झाला तर पायडल जड जातं.

पायडलला तेल हवं ते फक्त पाच ठिकाणी, पायडल ज्या दोन टोकांवर डुलतं तिथे, उभा दांडा वर-खाली जोडलेला असतो तिथे, आणि मोठ्या चाकाच्या मधोमध. धुळ्याकडे उन्हाळ्यात धूळ मरणाची, तेल घालण्याआधी हे सांधे पुसलेच पाहिजेत, नाहीतर धूळ आणि तेल मिळून लेप होतो. कुरकुर तरी गेली नाही तर तेल नाही, नट सैल आहे, पान्ह्याने आवळा.

प्रश्न: आमच्याकडे खारी हवा, सुया डबीतच गंजतात आणि मशीनच्या प्लेटवर लाल ठिपके येतात. प्लास्टिकच्या कव्हरने झाकून ठेवते तरी. (म्हापसा, गोवा)

उत्तर: झाकून ठेवता म्हणूनच, प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते. जुन्या सुती साडीचं नाहीतर चादरीचं कव्हर शिवा, दोनपदरी, धूळ अडते आणि हवा खेळते. पावसात मशीन बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिकडूनच येते. प्लेट, फूट, सुईचा दांडा, चाकाची चकचकीत कडा, जिथे रंग नाही तिथे तिथे तेलाचा हात फिरवलेलं फडकं लावून ठेवा, ओलं नाही, फक्त चमक येईल इतपत. शिवायला बसताना कोरड्याने पुसून घ्या.

आत्ता जे ठिपके आलेत त्यांना मशीनचं तेल लावून काही तास ठेवा आणि अगदी बारीक स्टीलच्या काथ्याने हलकेच घासा, प्लेट सुटी काढून घासायची, मशीनवर ठेवून नाही, नाहीतर काथ्याचे लोखंडी तुकडे शटलमध्ये जातात. सुईच्या भोकाच्या कडेला गंजाची खरखर राहिली असेल तर ती प्लेट बदलूनच टाका, दोरा तिथे रोज कापला जाईल. सुयांच्या डबीत नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि गंजाचा एक ठिपका जरी असला तरी ती सुई मशीनला लावू नका, रेशमाचा धागा ओढते. गोधडीला हाताने टाके घालायला सुद्धा नको, सरळ डबा बंद करून कचऱ्यात.